डिझेल गाडीची ओढ कमी झाली? इंधन यंत्रणेतला दोष शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः कॉमन रेल इंजिनांसाठी आहेत, म्हणजे ज्यांत हाय प्रेशर पंप डिझेल मोठ्या दाबाने 'रेल' या एकाच जाड नळीत साठवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना मिळतं. जुन्या पंपाच्या गाड्यांचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

गाडी ओढत नाही म्हणजे दोष डिझेलचाच असतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच समजुतीमुळे. डिझेल इंजिनाची ताकद दोन गोष्टींवर ठरते: सिलिंडरमध्ये किती डिझेल गेलं आणि ते जाळायला किती हवा मिळाली. दोन्हींतलं काहीही कमी पडलं तरी ड्रायव्हरला एकच कळतं, पाय दाबला तरी गाडी उठत नाही. म्हणून इंजेक्टरला हात लावण्याआधी दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवा.

त्यासाठी धूर बघा. जोर लावल्यावर काळा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, हवा कमी पडतेय: एअर फिल्टर चोंदलेला, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) दाब देत नाही, इंटरकूलरची (ती हवा थंड करणारा) नळी सुटलेली किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय. धूर जवळजवळ नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी जातंय किंवा ईसीयूनेच (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) ते कमी केलंय. डिझेलचा उग्र वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल; निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. एक अडचण लक्षात ठेवा: डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) असलेल्या गाडीत काळा धूर त्या फिल्टरमध्येच अडतो. तिथे धुरावर विसंबू नका, स्कॅनर (ईसीयूमधले कोड आणि आकडे दाखवणारं यंत्र) लावा.

आणि अगदी सुरुवातीला एक साधी गोष्ट. स्कॅनरवर ऍक्सिलरेटर पेडलचा आकडा उघडा आणि इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबा. आकडा १०० टक्क्यांच्या जवळ गेला पाहिजे. पायाखालचं मॅट पेडलला अडून आकडा तिथवर पोहोचत नाही, असंही होतं.

गाडी २५००-३००० आरपीएमच्या वर जातच नाही. हे काय आहे?

बहुतेक वेळा लिंप मोड. ईसीयूला रेलचा दाब, टर्बोचा दाब किंवा एखादा सेन्सर मर्यादेबाहेर दिसला की इंजिन वाचवण्यासाठी तो ताकद कापतो. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाडी काही वेळ नीट चालत असेल तर ही शक्यता आणखी पक्की होते.

अशा वेळी बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करू नका. ईसीयूत दोषाचा कोड आणि त्यासोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद साठवलेली असते: दोष आला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिनाचं तापमान किती. तपासाचा निम्मा भाग त्या नोंदीत असतो. आधी ती वाचा, फोटो काढा, मगच कोड पुसा.

ओढ नेमकी कधी जाते यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. गाडी आणणाऱ्याला हेच आधी विचारा.

सपाटीला ठीक पण चढावर किंवा भरलेल्या गाडीत ओढ जाते: दाब बनतो, पण डिझेलचं प्रमाण पुरत नाही. फिल्टर, टाकीतली जाळी, लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल पुढे आणणारा), त्यानंतर हाय प्रेशर पंप या क्रमाने संशय घ्या.

थंड इंजिन लगेच सुरू होतं, गरम झाल्यावर बंद केलं की सेल्फ मारत बसावं लागतं: गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून जास्त निसटतं. सेल्फवर इंजिनाचा वेग कमी असतो, त्यामुळे सुरू होण्यापुरता दाब साठतच नाही.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, नंतर दिवसभर ठीक: कुठून तरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरतंय. ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा.

टाकी पाव भरलेली असताना चढावर किंवा वळणावर झटके देते: टाकीतल्या पिकअप नळीला चीर किंवा स्वर्ल पॉटमध्ये (पिकअपभोवती डिझेल साठवून ठेवणारा डबा) बिघाड. भरलेल्या टाकीत ही चीर डिझेलखाली बुडालेली असते, म्हणून जाणवत नाही.

अर्धा तास नीट चालते, मग ओढ जाते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. कशामुळे?

टाकीकडे जा. दोन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं, टाकीत हवा जायची वाट बंद झालेली असते. डिझेल कमी होतं तसं आत निर्वात बनत जातो आणि पंपाला ओढायला जड जातं. ओढ गेली की लगेच थांबून झाकण उघडा. जोरात 'फुस्स' आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष सापडला.

दुसरं, टाकीतला कचरा. गंजाचे पापुद्रे, काळा गाळ, कधी झाकणाखालच्या सीलचा तुकडा पिकअपच्या जाळीवर हळूहळू ओढला जातो आणि जाळी झाकून टाकतो. इंजिन बंद झालं की पंपाचं ओढणं थांबतं आणि कचरा सुटून तळाला बसतो. म्हणूनच गॅरेजमध्ये उभी असताना गाडी ठणठणीत वाटते.

दोष टाकीकडचाच आहे का हे एका चाचणीत कळतं. फिल्टरकडे येणारी आणि टाकीकडे जाणारी नळी सोडून, स्वच्छ डिझेलच्या ५ लिटरच्या कॅनमध्ये घाला. कॅन नीट बांधा, गरम एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि उभ्या गाडीवर रेस देऊन रेलच्या दाबाची आधीशी तुलना करा. कॅनवर दोष नाहीसा झाला तर तो टाकी आणि टाकीकडच्या नळ्यांत आहे. विजेवर चालणारा पंप टाकीतच असेल तर ही चाचणी चालणार नाही. तिथे दाब मोजावा लागतो.

पी००८७ कोड आला. हाय प्रेशर पंप गेला का?

कोड फक्त एवढंच म्हणतो की रेलमध्ये मागितला तेवढा दाब बनला नाही. का बनला नाही हे त्यात नाही. साध्या चोंदलेल्या फिल्टरनेही हाच कोड येतो.

लाइव्ह डेटात तीन गोष्टी एकत्र उघडा: रेलचा अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब आणि मीटरिंग व्हॉल्व्हला (हाय प्रेशर पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) दिली जाणारी कमांड. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्या. स्कॅनर शेजारी बसलेल्याने सांभाळायचा, चालवणाऱ्याने नाही. नोंद नंतर शांतपणे वाचा.

आयडलला (पेडल न दाबता चालू इंजिन) साधारण २५० ते ४०० बार दाब असतो. पूर्ण लोडला इंजिनाप्रमाणे १३०० ते २००० बार किंवा त्याहून जास्त. पेडल झटक्यात दाबल्यावर प्रत्यक्ष दाब क्षणभर मागे पडला तर ठीक आहे. पण अपेक्षित १४०० आणि प्रत्यक्ष ९०० वर अडकून आहे, आणि व्हॉल्व्ह जास्तीत जास्त डिझेल आत घेतोय, म्हणजे ईसीयूने करण्यासारखं सगळं केलंय. आता तीनच शक्यता उरतात: पंपाला डिझेल मिळत नाही, पंप झिजलाय, किंवा बनलेला दाब इंजेक्टरमधून अथवा रेलच्या (जादा दाब सोडणाऱ्या) रिलीफ व्हॉल्व्हमधून परत निसटतोय. क्रमही हाच ठेवा, कारण पहिली शक्यता तपासायला सगळ्यात कमी खर्च येतो.

लो प्रेशर बाजू कशी तपासायची?

लो प्रेशर बाजू म्हणजे टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतचा भाग. आधी प्रकार ओळखा. टाकीत किंवा लाइनवर विजेचा पंप असेल तर फिल्टरच्या पुढे, हाय प्रेशर पंपाकडच्या बाजूला, प्रेशर गेज लावा. बहुतेक गाड्यांत ३ ते ६ बारच्या आत आकडा येतो. आयडलला बघून थांबू नका. लोडवर तो टिकतो का ते पाहा. दाबासोबत प्रमाणही मोजा: पंप १५ सेकंद चालवून नळीतून मापाच्या भांड्यात किती डिझेल आलं ते मॅन्युअलशी ताडा. बंद नळीवर थकलेला पंपही चांगला दाब दाखवतो, प्रमाणात मात्र उघडा पडतो. पंप कमी देत असेल तर बदलण्याआधी तो चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा १ व्होल्टहून जास्त फरक असेल तर आधी वायर, रिले आणि अर्थिंग बघा.

विजेचा पंप नसेल तर हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा पंपच डिझेल ओढतो. तिथे फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज लावा. निर्वात ०.२ ते ०.३ बारच्या पुढे गेला तर मागे कुठेतरी अडथळा आहे. गेज आता फिल्टरच्या आधी लावा. आकडा खूप उतरला तर फिल्टर दोषी, तसाच राहिला तर टाकी किंवा नळी.

डिझेलची नळी हवा घेतेय हे कसं ओळखायचं? बाहेर तर थेंबभरही गळती नाही.

पंप डिझेल ओढतो त्या, टाकीकडच्या, बाजूला गळती नसणं हेच नेहमीचं असतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणारी पारदर्शक नळी ३० सेंटिमीटरभर लावा. इंजिन सुरू करा आणि नळीमागे टॉर्च धरा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते मिनिटभरात संपले पाहिजेत. त्यानंतर नळी भरलेल्या काचेसारखी स्वच्छ दिसते, डिझेल वाहतंय की थांबलंय हेही कळत नाही. तसं न होता मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सतत जात राहिली, किंवा रेस दिल्यावर डिझेल दुधाळ झालं, तर हवा येतेय.

मग पारदर्शक नळी टाकीकडे एकेक जोड मागे सरकवत जा. बुडबुडे जिथे थांबतात त्याच्या पुढच्या, म्हणजे पंपाकडच्या, तुकड्यात दोष. नेहमीचे गुन्हेगार: फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, पाणी काढायचा स्क्रू, हँड प्रायमरचा (हाताने दाबून डिझेल भरायचा पंप) तडकलेला रबरी फुगा, क्विक कनेक्टरची सील आणि क्लिपखाली वाळलेली रबरी नळी. जुनी क्लिप आवळून काम भागेल असं वाटतं, पण वाळलेलं रबर पुन्हा बसत नाही. एक सेंटिमीटर कापून नवी क्लिप लावा किंवा नळीच बदला.

फिल्टर बदलताना काय चुकतं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवा फिल्टर मधल्या भोकातून डिझेल ओतून भरणं. बऱ्याच फिल्टरांत ती गाळलेली, स्वच्छ बाजू असते. इंजेक्टरच्या आतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, केसाची जाडी सत्तरच्या आसपास. कॅनमधला डोळ्यांना न दिसणारा कण सरळ तिथे जाऊन बसतो. फिल्टर कोरडाच बसवा आणि हँड प्रायमरने, किंवा किल्ली तीन-चार वेळा चालू-बंद करून विजेच्या पंपाने भरा. प्रायमर घट्ट होईपर्यंत सेल्फ मारू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं; कोरडा फिरवला की तो आतून ओरखडतो.

दुसरी चूक, जुना फिल्टर न बघता फेकणं. तो कापून उघडा आणि कागदाच्या घड्या टॉर्चखाली पसरवा. करडी धूळ असेल तर डिझेल घाण आहे. काळा, बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर असेल तर टाकीत जीवाणू वाढलेत. उजेडात चांदीसारखी चमक दिसली तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला. फक्त पंप बदलला तर चालेल का?

चालणार नाही, हे दुःखाने पण ठामपणे सांगावं लागतं. हाय प्रेशर पंप आतून झिजला की चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमधून टाकीत जातो. खात्रीसाठी मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी बघा. तिथेही चमक असेल तर पंप, रेल, हाय प्रेशर नळ्या आणि इंजेक्टर सगळे बदलायचे, टाकी उतरवून धुवायची, लो प्रेशर नळ्या फ्लश करायच्या. टाकीत चुरा राहिला तर नवा पंपही त्याच वाटेने जातो.

डिझेलमध्ये पाणी आहे का हे घरी बघता येतं?

येतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून २०० मिलिलिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी जड असल्याने तळाला बसतं आणि त्याची वरची कड स्पष्ट रेषेसारखी दिसते. दोन थरांच्या मध्ये तपकिरी किंवा काळा पापुद्रा तरंगत असेल तर ती जीवाणू-बुरशीची वाढ. ती पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच होते. नुसतं औषध टाकून ती मरते, पण मेलेला गाळ फिल्टर चोंदवतो, म्हणून आधी टाकी साफ करावी लागते.

चांगलं डिझेल बरणीतून पारदर्शक दिसतं. धुरकट दिसलं तर त्यात पाणी मिसळलेलं आहे, किंवा कडक थंडीत मेण सुटू लागलंय. बरणी उबदार खोलीत ठेवून निवळलं तर ते मेण होतं.

रिटर्न टेस्ट कशी करायची?

इंजेक्टर परत किती डिझेल सोडतात हे मोजणारी ही चाचणी स्वस्त आहे आणि फार काही सांगून जाते. इंजिन गरम करून बंद करा. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून तिथे एकसारख्या, मापाच्या पारदर्शक बाटल्या लावा. मूळ रिटर्न नळीचं तोंड बुचाने बंद करा, नाहीतर तिथून डिझेल उडेल. मग आयडलवर दोन मिनिटं, नंतर २५०० आरपीएमवर ३० सेकंद चालवा आणि बाटल्या एका ओळीत धरा.

चारही जवळपास सारख्या असतील आणि पातळी कमी असेल तर इंजेक्टर दाब सोडत नाहीत. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट किंवा जास्त डिझेल असेल तर तो इंजेक्टर बाहेर काढून टेस्ट बेंचवर पाठवा. चारही बाटल्या सारख्या पण मर्यादेपेक्षा जास्त भरल्या, तर सगळे एकत्र झिजलेत. अशा वेळी फक्त तुलना करणारा फसतो, म्हणून मॅन्युअलमधली मर्यादा बघणं आवश्यक आहे.

इंजिन सुरूच होत नसेल तर १० सेकंद सेल्फ मारून हीच तुलना करा. त्याच वेळी रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हची रिटर्न नळीही सोडून बघा. सेल्फवर तिथून डिझेल येता कामा नये. येत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय आणि इंजेक्टर निर्दोष असू शकतात.

काही पिझो (स्फटिकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरांना रिटर्न लाइनमध्ये ठराविक दाब लागतो. तिथे नळी उघडी सोडली की इंजिन बंद पडतं, म्हणून त्यांच्यासाठी बनवलेलं किटच वापरा.

रेल प्रेशर सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर?

तपासायला सोपं आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ न मारता फक्त किल्ली चालू करा. रेलमध्ये दाब नाही, म्हणून स्कॅनरवर शून्याच्या जवळचा आकडा आणि बहुतेक सेन्सरांत सिग्नल वायरवर सुमारे ०.५ व्होल्ट दिसायला हवा. सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा येतोय का तेही बघा. उभ्या इंजिनावर ६० बार दिसत असतील तर ईसीयूला नेहमीच खऱ्यापेक्षा जास्त दाब दिसतो, तो तेवढा कमी करतो, आणि कोड न येताही गाडी मंद होते.

हाय प्रेशर नळीचा नट सैल करून एअर काढू का?

कॉमन रेल इंजिनावर कधीच नाही. चालू इंजिनावर तर नटाला पानाही लावू नका. हजार बारच्या वर असलेली धार डोळ्यांना दिसत नाही आणि ती कातडी भेदून आत जाते. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा. टोचल्यासारखं झालं आणि छोटासाच ठिपका दिसला, दुखत नसलं, तरी लगेच रुग्णालयात जा आणि 'हाय प्रेशर डिझेल आत गेलंय' असं सांगा. यात शस्त्रक्रिया तातडीने लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

काम करण्याआधी इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर दाब शून्याजवळ आल्याची खात्री करा. उघडलेलं प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ बुचाने बंद करा.

जुन्या रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाडीत काय वेगळं?

तिथे फिल्टरवरचा, मग पंपावरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा. तरीही सुरू झाली नाही तर सेल्फ मारताना दोन इंजेक्टरांचे नट थोडे सैल करायचे. तोंड लांब आणि डोळ्यांवर चष्मा. ओढ कमी असेल तर आधी ऍक्सिलरेटरची केबल पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत नेते का ते बघा. टर्बोच्या गाडीत पंपावरच्या बूस्ट डायफ्रामला भोक पडलं, किंवा त्याची छोटी नळी तडकली, तर टर्बो चांगला असूनही पंप डिझेल वाढवत नाही.

इंधनाची बाजू पूर्ण ठीक निघाली. पुढे?

किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि बाहेरच्या हवेचा दाब यांची तुलना करा. समुद्रसपाटीला दोन्ही १००० मिलीबारच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारे हवेत. मग रस्त्यावर टर्बोचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब नोंदवा. प्रत्यक्ष कमी असेल, पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) हा कोड आला असेल, तर इंटरकूलरच्या नळ्यांच्या जोडांवर तेलकट काळा डाग शोधा, हवा तिथूनच निसटत असते. त्यानंतर टर्बोच्या ऍक्चुएटरच्या व्हॅक्यूम नळ्या. डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर (त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) गरम इंजिनावर, आयडलला साधारण २० मिलीबारच्या आत असावा. खूप जास्त असेल तर इंजिनाचा श्वास बाहेरच्या बाजूने कोंडलाय.

नवे इंजेक्टर बसवताना काय विसरू नये?

खालचा कॉपर वॉशर प्रत्येक वेळी नवा आणि एकच. जुना वॉशर बऱ्याचदा आत चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो. मग नोझलची उंची बदलते, धूर आणि आवाज सुरू होतो. बसायची जागा कार्बन काढून स्वच्छ करा. क्लॅम्पचा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कनेच आवळा. सैल राहिला तर ज्वलनाचा वायू वर येऊन इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने त्याच्याच सिलिंडरच्या जागी भरा. तो न भरल्यास आयडल थरथरतो.

इंजेक्टर क्लीनरची बाटली उपयोगी पडते का?

नोझलच्या टोकावरचा थर थोडाफार निघतो. झीज भरून येत नाही. रिटर्न टेस्टमध्ये नापास झालेला इंजेक्टर बाटलीने पास होत नाही.

चुकून पेट्रोल भरलं तर?

किल्लीसुद्धा चालू करू नका, कारण विजेचा पंप लगेच ते पुढे ढकलतो. पेट्रोलमध्ये वंगण नाही, पंपाचं नुकसान तिथूनच सुरू होतं. टाकी रिकामी करून, नळ्या धुऊन नवा फिल्टर बसवा. गाडी थोडीशी जरी चालली असेल तर १०० किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा कापून चमक शोधा.

दुरुस्ती जमली हे कसं ठरवायचं?

कोड पुसा आणि ज्या रस्त्यावर, ज्या गिअरमध्ये आधी नोंद घेतली होती तिथेच पुन्हा घ्या. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबाच्या रेषा आता लोडवरही एकमेकींना धरून चालायला हव्यात. परत आल्यावर उघडलेले सगळे जोड कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसा, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी तेच कापड पुन्हा फिरवा. ओलावा नाही, पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं, पारदर्शक नळीत बुडबुडा नाही, मगच ती नळी काढून मूळची नळी लावा.